ती मण्यांशी बोलत होती

डिंडोली, सुरत

प्रिय आबा,

तीन वर्षांपूर्वी आपल्या गॅलरीत पिंजऱ्यासमोर उभं राहून तुम्ही मला एक प्रश्न विचारला होता. मी हसून उडवून लावला होता. आज त्याचं उत्तर मिळालंय आणि ऐकायला तुम्ही नाही! असतात तरी ऐकू आलं नसतंच म्हणा. तुमच्या तोंडासमोर येऊन, ओठ सावकाश हलवत, वर ओरडून सांगावं लागलं असतं. त्यापेक्षा लिहिलेलं बरं.

प्रश्न आठवतो ना? लाल चोचीची फिंच पिंजऱ्यात टांगलेल्या मातीच्या मटकीत अंड्यांवर बसली होती. वैशाखातली दुपार, पत्रा नुसता तापलेला. तिची चोच उघडी, गळा थरथरत होता. तुम्ही मला हाताने जवळ ओढलंत आणि विचारलंत, "ती काय म्हनी रायनी? कसा आवाज शे?"

"काही म्हणत नाही. उकडतंय तिला. धाप टाकतेय," मी म्हणाले.

"धाप अशी नही ऱ्हास. तोंड देख तिनं. बोली रायनी ती. अंडासंगे."

"अंड्याला कान असतात का आबा?" मी शाळेत सातवीला विज्ञान शिकवणारी बाई! केवढ्या तोऱ्यात हसले होते मी.

तीस वर्षं लूमच्या खात्यात माग चालवून तुमचे कान गेले. पण त्या खडखडाटात चार यंत्रांपलीकडच्या माणसाचं बोलणं तुम्ही नुसत्या ओठांवरून ओळखायचात. खात्यातली सगळीच माणसं तशी. कोण शिवी देतोय, कोण चहा सांगतोय, कोणाच्या धाग्याची तार तुटलीय, सगळं डोळ्यांनी ऐकायचं. घरी आलात की आमच्याही तोंडाकडे बघत बसायचात. मी लहानपणी चिडायचे, काय सारखं टक लावून बघता म्हणून. मटकीचं तोंडसुद्धा तुम्ही कानशीने घासून मोठं केलं होतं, आत बसलेल्या पाखराची चोच दिसावी म्हणून. दुकानदार म्हणाला होता, अशाने अंडी घालणार नाहीत. घातली की! चार.

आणि मग मी शहाणपणा केला.

एवढ्या उन्हात अंडी शिजतील, असं माझं म्हणणं. शाळेच्या प्रदर्शनासाठी केलेली थर्माकोलची पेटी होती, बल्ब आणि थर्मामीटर लावलेली. शेवटच्या चार-पाच दिवसांसाठी अंडी उचलून त्यात ठेवली आणि पेटी आतल्या खोलीत, कूलरपाशी. पाखरांना कळू नये म्हणून मटकीत आईचे चार मणी ठेवले. पर्वत पाटियाच्या मार्केटमधून आई साड्या आणायची, घरी बसून त्यांना मणी लावायची, त्यातले पांढरे, अंड्याएवढे. फिंच त्यांच्यावर निवांत बसली. मला केवढा आनंद झाला होता माझ्या युक्तीचा! आईलाही बोलावून दाखवलं.

तुम्ही मात्र गॅलरीतून आत आलात ते चेहरा पाडून. "मन्यासंगे बोली रायनी वं ती," एवढंच म्हणालात. मी लक्षच दिलं नाही.

अंड्यांना तडे जायला लागले तशी मी ती परत मटकीत ठेवली. तीन पिल्लं निघाली. पंधरवडा ठीक गेला. मग त्याहून कडक उन्हाचे दिवस आले, गॅलरीत पाय ठेववत नव्हता. पिल्लं चोची वासून पडून राहिली. पाणी शिंपडलं, ओला फडका टाकला. दोन गेली. एक राहिलं.

मी रडत होते, तेव्हा तुम्ही माझ्यासमोर पाटावर बसलात. ओरडला नाहीत. उलट तुमच्या मानाने अगदी हळू बोललात. "तुन्ही चूक नही, माय. तुले ऐकू येस, पन तू देखं नही."

आबा, त्या दिवशी तुम्ही रागावला असतात तर बरं झालं असतं! मी उलटून बोलले असते आणि विषय संपला असता. तुम्ही असे समजूतदार निघालात, म्हणून मी तीन वर्षं ते वाक्य घेऊन फिरतेय.

आता उत्तर सांगते. परवा सोनोग्राफीसाठी नंबर लावून बसले होते. हो, तुम्हाला माहीत नाही. तुम्ही गणपतीत गेलात आणि महिन्याभराने मला कळलं. आठवा महिना चालू आहे. काय घाई होती हो तुम्हाला? तर तिथे बसल्या बसल्या मोबाईलवर एक लेख सापडला, नेमका या फिंचवरच. ऊन फार तापलं आणि पिल्लं बाहेर यायचे दिवस जवळ आले, की आईबाप अंड्यांवर बसून एक वेगळाच आवाज काढतात. तो कवचातून आत पोचतो. आतल्या पिल्लाचा मेंदू तेव्हा घडत असतो, त्या घडणीत तो आवाज उतरतो आणि पिल्लू बाहेर आल्यावर त्या उन्हाला साजेसं वाढतं. म्हणजे बाहेर काय वाढून ठेवलंय, याची खबर जन्माआधीच दिलेली असते.

आणि हा आवाज निघतो कसा, माहितीये? धाप टाकता टाकताच! म्हणजे माझंही अगदीच खोटं नव्हतं, हे मान्य करा. पण त्या धापेत बोलणं होतं. ते शोधायला शास्त्रज्ञांना यंत्रं लागली आणि तुम्हाला मटकीचं तोंड घासलेलं पुरलं.

मी तिथेच बाकावर बसून रडायला लागले. शेजारची बाई घाबरली, "शूं थयूं बेन? रिपोर्ट खराब आव्यो?" तिला काय सांगणार? आमच्या फिंचने चार दिवस मण्यांना खबर दिली आणि तिची अंडी माझ्या पेटीत बल्बखाली गप्प पडून होती, हे?

ती दोन पिल्लं त्याचमुळे गेली का, मला खात्रीने सांगता येणार नाही. कोणालाच येणार नाही. पण मी बघितलं नाही, एवढं खरं. माफ करा. ही माफी तुम्ही असताना मागायला हवी होती.

घरी येऊन आईला लेख वाचून दाखवला. ती साडीवरून मान वर न करता म्हणाली, "त्यामा काय नवं शे?" आणि मग तिने जे सांगितलं, ते तुम्ही मला कधीच का सांगितलं नाहीत? मी पोटात असताना आई तुमच्याच खात्यात बॉबिन भरायची. चहाच्या सुट्टीत तुम्ही तिच्यासमोर उकिडवे बसायचात आणि सगळ्या खात्यादेखत तिच्या पोटाला ओरडून सांगायचात, "मी आठेच शे!" यंत्रांच्या आवाजात ओरडल्याशिवाय पोचणार कसं! कारागीर हसून बेजार. मी जन्मले ती आकांत करतच. तुम्ही दारातून तेच ओरडलात, नर्स तुमच्यावर खेकसली आणि मी गप्प झाले. आई थोडं तिखटमीठ लावते, ठाऊक आहे मला. तरी यातलं निम्मं जरी खरं असेल, आबा, तरी मी किती भाग्याची!

लूमच्या आवाजाला माझी मुलं दचकतात, वर्गातली म्हणतेय, आणि मी मात्र त्याच्या शेजारी बसून वह्या तपासू शकते. माणूस एकदम अंगावर ओरडला तरी मला भीती वाटत नाही, आधी मायाच वाटते. हे कुठून आलं, ते आता कळलं. जगात पाऊल टाकायच्या आधीच तुम्ही मला सांगून ठेवलं होतं, बाहेर गोंगाट फार आहे, पण मी इथेच आहे.

एक कबूल करायचंय. या पोटातल्या जिवाशी मी आजवर एक शब्द बोलले नव्हते. आई रोज मागे लागते, "पोटसंगे बोलत जाय वं." पण अंड्याला कान असतात का, म्हणून हसलेली मी, कोणत्या तोंडाने बोलू? शिवाय शाळेत गुजराती, बाजारात हिंदी, तुमची अहिराणी माझ्या तोंडी नीट बसतसुद्धा नाही. तुमचं बोलणं याने एकदाही ऐकलं नाही, याचंच वाईट वाटत राहायचं.

आज दुपारी गॅलरीत गेले. वाचलेलं पिल्लू आता मोठं झालंय, आई होणार आहे. तुमच्याच मटकीत पाच अंडी आहेत. माझ्या पेटीतून आलेलं, अंड्यात असताना ज्याला कोणी काही सांगितलं नाही असं पाखरू ते! ऊन चढलं आणि तिने चोच उघडली. गळा थरथरायला लागला. मी आधी नीट बघितलं, तुम्ही बघायचात तसं. मग कान दिला.

आबा, आवाज कसा आहे सांगू? बॉबिनवरून तार सुटत असताना तुम्ही तिला बोट लावून बघायचात ना, तेव्हा बोटाला जी थरथर लागायची, तसा. बारीक, भराभर, न तुटणारा. तुम्हाला तो माहीत होता, फक्त कानाने नव्हे.

तिला कोणी सांगितलं नव्हतं, तरी ती सांगतेय. मग मला तर तुम्ही रोज सांगत होतात!

तेव्हा माझा शब्द घ्या. मटकीला हात लावणार नाही. सावलीला ओला फडका आणि पाण्याची वाटी, एवढंच करीन. आणि रोज दुपारी या पिंजऱ्यापाशी बसून, मोडक्या अहिराणीत का होईना, पोटाशी बोलीन. आज सुरुवात केली. तुमच्यासारखंच ओरडून, शेजारची खिडकी उघडली इतक्या जोरात:

मी आठेच शे!

तुमची,
ऐकू येणारी आणि आता बघायलाही शिकलेली,
बेबी