मैनेच्या डोळ्यांत बसलेली

चैत्र शुद्ध ३, शके १७१५
वाईहून पुण्यास सुखरूप पोचलो. गाडीने हाडे खिळखिळी केली, पण काम पक्के झाले. शुक्रवार पेठेत यज्ञेश्वरपंतांच्या श्रीनिवासाला अक्षरे शिकवायची; राहायला माडीवरची खोली, दोन वेळचे जेवण. माझी मैना आठ वर्षांची. आई गेल्यापासून तिला माझ्याशिवाय कोणी नाही. पोरीची नजर काय तीक्ष्ण! खिडकीतून पर्वतीचा कळस तिला दिसला, मला नुसता डोंगर. यजमानीण मथुराबाईंनी तिला जवळ घेऊन गूळ-खोबरे दिले. पुणेकर इतके गोड असतील असे वाटले नव्हते.

चैत्र शुद्ध १०
श्रीनिवासाला देवी आल्या. दाराला कडुनिंब बांधला. मैनेला घेऊन थोडे दिवस वाईला जातो म्हटले, तर मथुराबाई दुखावल्या. घरी आलेल्या देवीला पाठ दाखवायची नसते म्हणाल्या. नोकरी नवी, काय बोलणार? राहिलो.

चैत्र वद्य ५
श्रीनिवासाला देवी उतरल्याची आंघोळ घातली. त्याचे चिकटलेले डोळे आपोआप उघडले. पोरगा ठणठणीत. जीव भांड्यात पडला. संध्याकाळी मैनेचे अंग तापले.

चैत्र वद्य ११
अंगभर फोड. पापण्या पुवाने घट्ट चिकटल्या. लहानपणी मला देवी आल्या तेव्हा आईने रोज कोमट पाण्याने माझे डोळे धुतले, म्हणून आज हे लिहितो आहे. मथुराबाईंना तसे सांगितले. त्या म्हणाल्या, "पंतोजी, देवी डोळ्यांत बसली आहे. आंघोळीआधी पाणी लावाल, तर जाताना डोळेच घेऊन जाईल."
श्रीनिवासाचे झालेच ना बरे? थांबतो.

चैत्र वद्य १३
मैना म्हणते, आत कोणीतरी बसले आहे, सारखे टोचते. पापणीखालून गळते. वास येतो. मी भित्रा आहे. देवीला भितो की नोकरीला, ठाऊक नाही.

चैत्र अमावास्या
आज टोचत नाही म्हणते. देवी प्रसन्न झाली, असे मथुराबाई म्हणाल्या. मला मात्र — नको. लिहवत नाही.

वैशाख शुद्ध १
आंघोळीला तीन दिवस आहेत. थांबलो नाही. सकाळीच दार लावून घेतले. कोमट पाणी, मऊ फडके. उजवी पापणी सोडवली — आत बुबुळ नाही. सगळे दह्यासारखे पांढरे.
ऊन थेट तोंडावर. ती हललीसुद्धा नाही. सुरुवात केलीत का, म्हणून विचारते.
हो म्हणालो.
डाव्यावर ओले फडके ठेवले आहे. पापणी भिजेपर्यंत लेखणी धरली. निदान डावा — एवढा एक —
तिने स्वतःच फडके काढले. डावी पापणीही सुटली. उघडी आहे. पांढरे — माझ्याकडे तोंड करून वाट पाहते —
पुन्हा विचारते, "बाबा, उघडताय ना डोळे?"