कामात फरक नाही

सोमवार, ३ मार्च

चाळणी! पाच मिनिटं ओट्याशी उभी राहून तिचं नाव आठवत होते. शेवटी धाकट्या बहिणीला म्हटलं, "ते भोकांचं दे गं."
"ताई, ते तुझ्याच हातात आहे."
हसलो दोघी. मी जरा जास्तच वेळ हसले.

बुधवार, ५ मार्च

लेख झाला. मी पेन्सिलीनं खरडायचं, धाकटीनं टाइप करून धाडायचं — वीस वर्षांची वाटणी. छापलेलं वाचायचं नाही, हा माझा नेम.
संपादकांचा फोन. "बाई, धार वाढतेय तुमची! 'आमच्या कार्यालयात काम अडत नाही. ते येतं, चहा पितं आणि घरी जातं' — वा!"
हे मी कधी लिहिलं? आठवेना. पण माझंच. दुसरं कोण लिहिणार?

गुरुवार, ६ मार्च

एचआयव्ही असलेल्यांच्या मेंदूत काय चालतं, याचा इस्पितळात अभ्यास चालू आहे. मीही त्यात. डोक्यावर वायरींची टोपी — लग्नातही एवढी नटले नव्हते. पडद्यावर चौकोन आला की बटण दाबायचं, गोल आला की गप्प बसायचं. गप्प बसणं मला कधी जमलंय? गोलालाही दाबलं. बरेचदा.
"असू दे, मॅडम," तपासणारी मुलगी म्हणाली.
त्या 'असू दे'नंतर चौकोनालाही जपूनच दाबलं. मग यंत्राच्या बोगद्यात पाऊण तास. नुसती ठोकठोक.

शनिवार, ८ मार्च

भीती वाटते.
अकरा वर्षांत एक गोळी चुकवलेली नाही. रक्तात विषाणू शोधूनही सापडत नाही. मरणाची भीती पहिल्याच वर्षी पुरेपूर वापरून झाली. ही निराळी — मी असेन, जेवेन, झोपेन. आणि जीभ बोथट झाल्याचं मलाच कळणार नाही.

मंगळवार, ११ मार्च

डॉक्टरीणबाईंनी फिल्म दाखवली. मेंदूच्या पांढऱ्या भागात इकडचे निरोप तिकडे नेणाऱ्या तारा असतात म्हणे. तिथे बारीक ठिपके.
"मागच्यापेक्षा थोडे जास्त आहेत. पण नुसत्या ठिपक्यांवरून काही ठरत नाही. रोजच्या कामात फरक जाणवतो?"
मी तापलेच. "दर बुधवारी लेख जातो माझा! संपादकांना विचारा!" चहा पिणाऱ्या कामाचं वाक्यही ऐकवलं. बाई मनापासून हसल्या. कागदावर लिहिलं — कामात फरक नाही.
धाकटी शेजारी बसून पर्सची चेन उघडझाक करत होती.
जिना उतरताना शीळ घालावीशी वाटली!

बुधवार, १२ मार्च

धाकटीला ताप. म्हटलं, आज मीच पाठवते. तिच्या संगणकात दोन फोल्डर — 'ताईचं' आणि 'पाठवलेलं'. 'ताईचं'मध्ये एकेक परिच्छेद दोनदा, वाक्यं अर्ध्यावर सोडलेली. चहा पिऊन घरी जाणारं काम तिथे कुठेच नाही; ते फक्त 'पाठवलेलं'मध्ये. चौदा महिन्यांचे लेख असेच!
तिच्या उशाशी जाऊन बसले. "कधी सांगणार होतीस?"
"तू हसायची थांबली असतीस गं."
डॉक्टरीणबाईंना फोन लावला. म्हटलं, ते 'कामात फरक नाही' खोडा.