सरळ रेषेआधी

प्रिय दादा,

फोनवर विचारलं असतं तर तू विषय बदलला असतास, म्हणून लिहितेय. शेवटपर्यंत वाच, मधेच उठू नकोस.

आमचं चित्रकलेचं सॉफ्टवेअर फुकट आणि खुलं आहे. त्याचा कोड कुणीही पाहावा, तक्रार कुणीही करावी. आलेली तक्रार खरी की खोटी, हे तपासणं माझ्याकडे. मध्यंतरी ‘निवांत’ या नावाने एकजण लिहू लागला: हाताची थरथर गाळून रेष सरळ करणारी तुमची सोय पार टोकाला नेली, तरी रेष नागमोडीच येते. दर वेळी सुरुवात, ‘तुमचा वेळ खातोय, माफ करा.’ इतका नम्र माणूस बघून मला संशयच आला. त्यातून त्याने चित्राऐवजी पेनाच्या हालचालींची फाइल पाठवलेली. ती मी नेट काढलेल्या जुन्या कॉम्प्युटरवर उघडली. आमच्या गटाचे प्रमुख, ज्यांना आम्ही सगळे आजोबा म्हणतो, ते हसून म्हणाले, “अगं, तू तर स्वतःच्या सावलीकडेही ओळखपत्र मागशील!”

फाइलमध्ये घातक काही नव्हतं. मग वाटलं, मुद्दाम हात हलवून कुणीतरी आमची गंमत बघतंय. पण सोंगाची थरथर दमते, थांबते, पुन्हा जोर धरते. ही अगदी एकसारखी होती. मी एकेक रेष पडद्यावर सावकाश चालवून पाहिली आणि एक वर्तुळ आलं. खालून सुरू झालेलं, जुळायच्या आत पेन उचललेलं, उरलेली फट वेगळ्या ठिपक्याने बुजवलेली. दादा, आपल्याला शाळेत घालायच्या आधी जेवणाच्या टेबलावर असं वर्तुळ कोण शिकवायचं? माझ्या वर्तुळाला तू बटाटा म्हणायचास, आणि सारखं खोडते म्हणून मला खोडरबर.

बाबा मला सांगतात, डोळे शिणतात म्हणून पुस्तकांसाठी चित्रं काढायची कामं घेणं कमी केलंय. तू सांगतोस, सगळं छान चाललंय. फाइलमधला हात बाबांचा आहे, पण तक्रार त्यांची नाही. त्यांनी उभ्या जन्मात कुंचल्याला दोष दिलेला नाही. आणि माफी मागितल्याशिवाय तोंड न उघडणारा आपल्या घरात एकच आहे. आधी तुझा भयंकर राग आला. मग वाटलं, बाबांनी तुला शपथ घातली असणार, आणि ती न मोडता तू मला दाखवलंस. असंच ना?

मी गटाला सांगून टाकलं, ही तक्रार बहुधा माझ्याच घरची आहे, निर्णय दुसऱ्या कुणी घ्यावा. त्यांनी घेतला. जास्त थरथर गाळणारी सोय तयार झालीय. रेष पेनाच्या जरा मागून येते, पण सरळ येते. शनिवारी ती सगळ्यांना मिळेल.

ती अडवायचा मला हक्क नाही, आणि धास्ती तिचीच आहे. रेष सरळ आली की बाबा म्हणतील, बघा, मला काहीही झालेलं नाही. डॉक्टरांचं नावही काढू देणार नाहीत. म्हणून मी शुक्रवारीच येतेय. मला कसं कळलं ते मीच त्यांना सांगेन, तुझ्यावर काही येऊ देणार नाही. तोवर एवढंच कर, त्यांच्या कॉम्प्युटरवर नवी आवृत्ती टाकू नकोस. आधी तो हात डॉक्टरांना दिसू दे. मग रेष सरळ करायला मी स्वतः त्यांच्या शेजारी बसेन.

तुझीच,
खोडरबर