मिसिंग आणि अब्स्कॉन्डिंग

बाबा, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि आज तुमचं टेबल आठवलं. वर्ध्याच्या कोर्टाबाहेर तुम्ही अर्ज टाइप करायचात ते. त्याच्या एका पायाखाली वीट होती, ती काढली की मशीन सरकायचं, आणि मी ती मुद्दाम काढायचो. ते जाऊ द्या. नववीत मी होस्टेलमधून पळालो, समुद्रपूरच्या एसटीत बसलो आणि चार दिवस तिकडंच राहिलो. परत आलो तर तुम्ही मारलं नाही. मशीनमध्ये कोरा कागद घातलात आणि दोन शब्द टाइप केलेत, एकाखाली एक. अब्स्कॉन्डिंग. मिसिंग.

"वाच. तुह्या हेडमास्तरले पोलिसाच्या अर्जात वरचा पाह्यजे होता. मी खालचा टाकला."

"पण मी तं पळूनच गेलतो."

"तुले इचारलं काय? वरचा लिवला का पोलीस पकडाले निंघते. खालचा लिवला का शोधाले निंघते."

मग तुम्ही चहा मागवलात. एकच.

आता मी बोरगाव मेघेत आहे, शाळेच्या व्हॅन चालवणाऱ्या एका मालकाकडे. हे कितवं काम ते विचारू नका. परवापासून आमचा एक ड्रायव्हर घरी आला नाही. व्हॅन नाल्याजवळ सापडली, दार उघडं, चपला आतच. पोलिसांना द्यायचा अर्ज मालकाला इंग्रजीतच हवा, वजन पडतं म्हणे. मी मिसिंग लिहिलं. त्यानं कागद ओढून घेतला.

"हे काय लिवलं बे? उद्या मलेच इचारतीन, दोन दिवस न झोपता गाडी काऊन चालवाले लावली. फरार लिव."

"चपला गाडीत हायेत, मालक."

"मंग अनवाणी पळाला. तुले उद्या कामावर यायचं हाय ना?"

मी दुसरा कागद घेतला आणि तुमचा वरचा शब्द लिहिला.

बाहेर पायरीवर ड्रायव्हरची बायको सकाळपासून बसून होती. मी निघालो तशी उठली. "भाऊ, काय लिवलं जी?"

"हरवले म्हून लिवलं, वहिनी. शोधतीन आता."

"बरं झालं. तुमाले इंग्रजी येते म्हून बरं."

अर्ज मीच ठाण्यात नेऊन दिला. तिथल्या माणसानं तो वाचला, शिक्का मारला आणि मला काही विचारलं नाही. तुम्ही असता तर विचारलं असतं. आणि बाबा, तिला सांगितलं तेच मी तुम्हालाही सांगितलं असतं.