शिक्षिका ‘क’ हिच्या नावे

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, गणिताचा अभ्यासक्रम आणि वर्गातलं शिकवणं यांवर संशोधन करून निवृत्त झालेला, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाविना माझ्या पश्चात काय कोणाचं हे लिहून ठेवत आहे. अर्धांगाच्या झटक्यानंतर माझा उजवा हात थरथरतो, डोकं नाही. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

कलम १. राहतं घर माझ्या पश्चात पूर्णपणे माझ्या पत्नीचं. तिच्यानंतर आमच्या मुलीचं. मुलीनं आईला आपल्याकडे नेण्याचा हट्ट धरू नये. दर शनिवारी सकाळी तरुण शिक्षक पुढच्या खोलीत जमतात, आपापले फसलेले तास सांगतात आणि माझ्या पत्नीशी कडाकडा भांडून, चहा पिऊन जातात. ते येतात तोवर ती खोली त्यांची.

कलम २. बँकेतल्या ठेवी पत्नीच्या. त्यावर अधिक लिहिण्यासारखं काही नाही.

कलम ३. अपूर्णांकांच्या अध्यापनावरील माझ्या पुस्तकाचे सर्व हक्क मी पत्नीला देत आहे. याचं कारण नोंदवणं भाग आहे.

संशोधन संस्थेनं मला एका शाळेत तास पाहायला पाठवलं होतं. मी मागच्या बाकावर, गुडघे पोटाशी घेऊन बसलो होतो. बाईंनी विचारलं, एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश? एक मुलगी ठामपणे म्हणाली, “चतुर्थांश. तीनापेक्षा चार मोठे.” बाई चूक म्हणाल्या नाहीत की बरोबर म्हणाल्या नाहीत. “कुणाकुणाला पटतंय?” एवढंच विचारलं. मग जी जुंपली! कुणी कागदाच्या पट्ट्या दुमडल्या, कुणी फळ्याकडे धावलं, दोघी तर रडकुंडीला आल्या. घंटा झाली आणि बाई खडू ठेवून चालू लागल्या.

मी त्यांना व्हरांड्यात गाठलं. “अहो बाई, उत्तर न सांगताच तास संपवलात?”

“भांडण अर्ध्यावर आलंय. मी कशाला मध्ये तोंड घालू? उद्या या.”

दुसऱ्या दिवशी गेलो. ती ठाम मुलगी स्वतःच फळ्याशी उभी राहून आपलं म्हणणं खोडत होती. त्या बाईंकडे मी अजूनही जातोच आहे. फक्त आता त्या माझ्या पत्नी आहेत आणि घर एकच आहे.

नवा अभ्यासक्रम आम्ही त्या वर्गात घडवला. धडे कमी, बोलणं जास्त. पहिल्या वार्षिक परीक्षेत वर्गाचे गुण घसरले. पालक चालून आले, मुख्याध्यापकांनी हिच्याकडून गणित काढून घेतलं आणि शिवणाचे तास दिले. ही घरी येऊन म्हणाली, “बरं झालं. आता कापडाच्या घड्या घालून तेच शिकवते.” आणि शिकवलंही. शिवणाच्या तासाला मापं घेता घेता त्या मुली अपूर्णांक शिकल्या. पुढे वरच्या वर्गात याच मुली बीजगणिताला घाबरेनात, तेव्हा गणित परत हिच्याकडे आलं.

या कामाचा अहवाल संस्थेनं पुस्तकरूपात छापला तेव्हा नावं गुप्त ठेवण्याच्या नियमाप्रमाणे ही त्यात ‘शिक्षिका क’ झाली. मी पुष्कळ भांडलो. नियमापुढे चाललं नाही. आता हक्क माझ्याकडे परत आले आहेत. नव्या आवृत्तीवर हिचं पूर्ण नाव आधी यावं, माझं नंतर. हे वाचून दाखवलं तर म्हणाली, “तुमचंच राहू द्या आधी. टायपिंग तुम्ही केलंत.” कलम कायम आहे.

कलम ४. मेहुणे, म्हणजे पत्नीचे थोरले बंधू, त्या वेळी अभ्यासक्रम समितीचे अध्यक्ष होते. “मुलांना गणित शिकवायचं की वकिली?” असं म्हणून त्यांनी आमचा अपूर्णांकांचा धडा पाठ्यपुस्तकातून वगळला. त्यानंतर आम्ही दोघं लग्नकार्यात भेटलो तरी हवापाण्याखेरीज बोललो नाही. मला झटका आल्यावर मात्र ते दवाखान्यात रोज येऊन बसत. एकदा मला झोपलेला समजून हिला म्हणाले, “तुझ्या वर्गात एकदा येऊन बसायला हवं होतं गं मी.” मी डोळे उघडले नाहीत. खिडकीजवळची माझी आरामखुर्ची त्यांना द्यावी. शनिवारी ती पुढच्या खोलीतच असते. बसायचं असेल तर तिथं येऊन बसावं. धडा वगळल्याबद्दलचा माझा राग या दानात समाविष्ट नाही.

कलम ५. करवत, पटाशी, घासकागद आणि हिच्या वर्गात अपूर्णांक दाखवायला मी कापलेल्या लाकडी पट्ट्या मुलीला. ती वाद्यं दुरुस्त करते, हत्यारांची कदर तिलाच आहे. गणित तिला कधी रुचलं नाही. “या घरात ‘जेवायला काय आहे’ विचारलं तरी ‘तुला काय वाटतं?’ असं उत्तर येतं,” हा तिचा आरोप मला मान्य आहे. बाळा, तू जशी आहेस तशी आम्हाला फार आवडतेस. हे सरळ उत्तर आहे.

कलम ६. माझ्या मागे शोकसभा नको. घ्यायचीच तर चालू वर्गात एखादा तास पाहावा आणि मागे बसून गप्प राहावं.

वरील मजकूर वाचून, समजून सही करत आहे. पत्नीलाही साक्षीदार म्हणून सही करायची होती. वकिलांनी समजावलं, “काकू, ज्याला काही मिळतं त्याला साक्षीदार होता येत नाही.” ती लगेच म्हणाली, “मग मला काही देऊ नका. सही करू द्या.” वकील चष्मा पुसत बसले. मी तिचं ऐकलं नाही. कलमं आहेत तशीच आहेत. माझा हात हलतो म्हणून सही होईपर्यंत तिनं कागद दोन्ही हातांनी दाबून धरला आहे. त्याला कायद्याची हरकत नाही, असं मी तीनदा विचारल्यावर वकिलांनी सांगितलं.

सही: (थरथरती, पण माझीच)

साक्षीदार १: आमचे डॉक्टर
साक्षीदार २: शेजारचे शिंपी

ठिकाण: राहत्या घरची पुढची खोली
दिनांक: ४ मार्च, सोमवार