अर्धा राहिलेला अध्याय

६ जानेवारी

चि. चष्मेवाल्यास,
प्रभूमध्ये अनेक आशीर्वाद. वि. वि.

नाताळात चष्म्याच्या दुकानाने तुला सोडलं नाही, समजलं. पण गुरुवारी सुट्टी असते ना? पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी पहाटेच्या गाडीने ये, जेव, संध्याकाळी परत जा. माझे गुडघे प्रवासाला तयार नाहीत, नाहीतर मीच दत्त म्हणून उभी राहिले असते.

दारावरची चांदणी अजून तशीच आहे. शेजारीण रोज येऊन विचारते की नाताळ संपला ना. मी सांगते, मुलगा यायचाय. स्टुलावर चढायची भीती वाटते, हे तिला कशाला सांगू?

वाट बघते आहे.
तुझी आई

१० जानेवारी

ती. आईस,
सप्रेम सलाम. वि. वि.

आधी चूक कबूल करतो. नाताळच्या संध्याकाळी चर्चच्या मंडळीतल्या लोकांबरोबर वृद्धाश्रमात गाणी म्हणायला गेलो होतो. तिथे एक शिक्षिका आजी आहेत. त्यांच्या डोळ्यांना आता माझ्या कुठल्याच भिंगाचा उपयोग नाही. त्यांनी येशूच्या जन्माचा अध्याय वाचायला सांगितला. मरियेला उतरायला जागा मिळेना, इथवर आलो आणि बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. उरलेलं गुरुवारी वाचतो म्हणून उठलो, आणि साफ विसरलो.

काल तिथे कुणाचा तरी चष्मा द्यायला गेलो. आजींच्या मांडीवर पवित्र शास्त्र उघडं, त्याच पानावर. दोन्ही गुरुवारी केस विंचरून, शेजारी खुर्ची ओढून बसल्या होत्या म्हणे. दुसऱ्या कुणाला वाचू दिलं नाही. मला आवाजावरून ओळखलं. रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या की ती बिचारी मरिया अजून दारातच उभी आहे.

मी उभ्याउभ्याच अध्याय पुरा केला. पुढचा येत्या गुरुवारी, मग दर गुरुवारी, असं त्यांनी ठरवलं आणि मी हो म्हणून बसलो. आई, सुट्टी एकच आहे. तू सांगशील तसं करतो.

तुझा अपराधी
चष्मेवाला

१३ जानेवारी

चि. अपराध्यास,
आशीर्वाद. वि. वि.

पत्र वाचून दिवसभर अबोला धरला, पण घरात एकटीने अबोला धरला तर कळणार कुणाला? दुपारी जरा पडशील म्हणून तुझ्या उशीला नवा अभ्रा घालून ठेवला होता. खरं सांगते, त्या बाईंचा हेवा वाटला. त्यांना दर आठवड्याला तुझा आवाज ऐकायला मिळणार.

मग त्यांच्या त्या बोलण्यावर अडले. शेजारणीला नाताळात केक दिला आणि मी मोकळी झाले. ती रोज दारात उभी राहून चांदणीचं विचारते, आणि मी दारातूनच उत्तर देते. काल तिला आत बोलावलं. दोन तास बसली. तिचा मुलगाही लांब असतो, हे मला सहा वर्षांत माहीत नव्हतं. जाताना म्हणाली, चांदणी उतरवून देऊ का? नको म्हटलं. ती तू आल्यावर तूच उतरव.

तेव्हा गुरुवारी तिकडेच जा. मला खूप वाईट वाटतंय, तरीही जा. फक्त अध्याय कुठला आणि किती वाजता, ते कळवत जा. त्या वेळी मीही तोच उघडून बसेन. वाचताना मात्र घाई करू नकोस. माझ्या चष्म्याचा नंबर वाढलाय, मी मागे राहीन.

माया आहे तशीच आहे, थोडी रुसलेली.
तुझी आई