मद्दळेवाल्याच्या खांद्यावरचा ढेकर

सिद्धापूर, ४ जुलै १९७८

श्री. तिम्मण्णा व्याहीबुवा यांस मूकांबिकेचा सा. न. वि. वि.

बारसं आटोपून घाट चढून आम्ही सुखरूप पोचलो. फणसाचे पापड छान झालेत. आता कानउघाडणी ऐका. नातवाचं दूध पिऊन झालं की तुम्ही त्याला खांद्यावर घेता, थोपटता आणि डोळा लागला की लगेच आडवा करता. ढेकर कोणी काढायचा? माझ्या डोळ्यांदेखत त्याच्या नाकातोंडातून दूध आलं, आणि वर तुमचं म्हणणं, पोरं ओकायचीच! अहो, ओकतात, पण अंगी काही लागतं की नाही? वजन वाढत नाही म्हणून तुमच्या नर्सबाईंनी मलाच बाजूला घेऊन सांगितलं.

नागवेणीला आई नाही, यात तुमचा दोष नाही. पण यक्षगानाच्या मेळ्यात मद्दळे बडवणाऱ्या पुरुषाने लेकीचं बाळंतपण करायचं म्हणजे जरा अतीच झालं. पाचव्या महिन्यापर्यंत बाळंतीण माहेरी, हा रिवाज मलाही ठाऊक आहे. तरी गणेशचौथीपर्यंत बाळाने अंग धरलं नाही, तर माझा विघ्नेश्वर टॅक्सी घेऊन येईल आणि बायकोला नि लेकाला घरी आणेल. राग मानू नये. मानलात तर तसं कळवावं.

आपली,
मूकांबिका

होन्नावर, ११ जुलै

सौ. विहीणबाईंना तिम्मण्णाचा सप्रेम नमस्कार.

राग मानला आहे, म्हणून कळवतो आहे. तुम्ही घाटावरच्या बायका पत्रातूनसुद्धा कान पिळता! तुम्ही दाखवलंत तसं खांद्यावर घेतो, खालून वर हात फिरवतो, थोपटतो, अंगणाला फेऱ्या घालतो. साहेब झोपतात. ढेकराचं नाव नाही. निजवला की भळकन ओकतो. पावसात एक उपरणं वाळेल तर शपथ! मी आता उघडाच हिंडतो, तर नागवेणी म्हणते की त्याला गार लागेल. सांगा, काय करू मी?

चेष्टा पुरे. शारदा गेली तेव्हा तिच्या उशाशी बसून मी शब्द दिला होता, की पोरीला माहेर कमी पडू देणार नाही. टॅक्सी दारात आली तर त्या शब्दाचं काय करायचं, तेही पुढच्या पत्रात लिहा.

तुमच्या शिव्यांसह लोभाची वाट पाहणारा,
तिम्मण्णा

होन्नावर, १८ जुलै

ती. सासूबाईंना नागवेणीचा शि. सा. नमस्कार.

अप्पांना न सांगता लिहिते आहे. खोड कुठे आहे ते मला कळलं. अप्पांचा हात तालाशिवाय पडतच नाही! थोपटायला लागले की तालाची आवर्तनं सुरू, आणि बाळ ढेकराच्या आधीच गाढ. मी म्हटलं, अप्पा, बेताल थोपटा. त्यांनी डाव्या हाताने करून पाहिलं, मुद्दाम चुकवून पाहिलं, चुकाही तालातच! शेवटी चिडून म्हणाले, उभा जन्म ताल सांभाळण्यात गेला, आता या वितीएवढ्या पोरासाठी मोडू कसा? मला हसू आलं आणि मग रडूच आलं. मी घेतलं तर टाके ओढतात, फार वेळ उभं राहवत नाही.

मला इतक्यात नेऊ नका हो. मी तिकडे आले की अप्पा या घरात एकटे उरतील.

आपली लेकच,
नागवेणी

सिद्धापूर, २४ जुलै

श्री. तिम्मण्णांना मूकांबिकेचा नमस्कार.

कोणी कळवलं ते विचारू नका. धन्य आहात! लहानपणापासून मी शेतात बसून उजाडेपर्यंत मेळ्याचे खेळ पाहिले आहेत, मला काय शिकवता? गाणाऱ्या भागवताचं पद संपतं, नट बोलायला पुढे येतो, तेव्हा मद्दळेवाला काय करतो? हात आवरून गप्प बसतो ना? मध्ये टणटण केली तर लोक हाकलून देतील. मग पोराचं दूध संपलं की पद संपलं असं समजा. आता बोलायची पाळी त्याची. त्याला उभा धरा, पोट तुमच्या खांद्यावर येऊ द्या, मानेला आधार द्या, पाठीवर हात नुसता ठेवा. थोपटायचं नाही! तो बोलेपर्यंत तोंडही मिटून ठेवा. जमलं तर बघा.

मूकांबिका

होन्नावर, २ ऑगस्ट

सौ. विहीणबाई, साष्टांग दंडवत.

बोलला! पहिल्या दिवशी बोटं नुसती शिवशिवत होती. नागवेणीने माझं मनगट धरून ठेवलं. पोर चुळबुळलं, कण्हलं, लालबुंद झालं. मी म्हटलं आता रडणार, आणि त्याने असा ढेकर दिला की ओसरीवरचं मांजर उठून गेलं. मेळ्यातल्या राक्षसालासुद्धा असा आवाज लागत नाही. आता रोज दर दुधानंतर बोलतो. ओकणं जवळजवळ थांबलंय. नर्सबाईंनी परवा काटा पाहिला आणि मलाच शाबासकी दिली.

एक सांगतो, हसू नका. इतकी वर्षं हात वाजवतच राहिला. नुसता ठेवल्यावर पोराचा श्वास तळहाताला लागला. नागवेणीला तिच्या लहानपणी मी असं कधी धरलंच नव्हतं, तेव्हा शारदा होती.

टॅक्सीचं काय ठरवलंत?

तिम्मण्णा

सिद्धापूर, ८ ऑगस्ट

श्री. तिम्मण्णांना नमस्कार.

टॅक्सी येईल. तिच्यातून मी एकटीच येईन, चौथीचे लाडू घेऊन, आणि एकटीच परत जाईन. लेक आणि नातू पाचव्या महिन्यापर्यंत तुमचेच.

शारदाबाई असत्या तरी याहून वेगळं काय केलं असतं त्यांनी?

नातवाच्या पाठीवर माझाही हात ठेवा. वाजवू नका.

मूकांबिका